पहाटेचा विठ्ठल, रात्रीचा सामना

प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाची बीड जिल्ह्यात दोन खाती आहेत आणि ती सहसा एकमेकांत मिसळू दिली जात नाहीत. पहिले खाते पहाटेचे. आषाढाच्या तोंडावर पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी शिरूर कासार-पाटोद्याच्या अंगाने पंढरपूरकडे सरकते, मुक्ताईनगरची मुक्ताबाईंची पालखी बीड शहरातून जाते, शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून उतरते. या तिन्ही वाटांवर देवळाच्या कर्ण्यातून, चहाच्या हॉटेलातून, ट्रॅक्टरवरच्या टेपातून शिंदे यांचा विठ्ठल ऐकू येतो. गणपतीच्या मांडवात तोच आवाज, सत्यनारायणाच्या पूजेलाही तोच. दुसरे खाते रात्रीचे. आंबेडकर जयंतीचा मांडव पडला की कव्वालीचा सामना ठरायचा आणि तिथे हाच गायक भीमगीतांनी रात्र काढायचा. पहाटेचे श्रोते त्यांना भक्तिगीतांचे गायक म्हणतात आणि रात्रीचा विषय काढत नाहीत. रात्रीचे श्रोते त्यांना कव्वाल म्हणतात आणि पहाटेबद्दल जरा अवघडून बोलतात. वर्तमानपत्रांतले स्मरणलेखही बहुधा हीच वाटणी पाळतात: भक्तिगीतांना चार परिच्छेद, कव्वालीला एक ओळ. ही वाटणी मला चुकीची वाटते. सणाच्या तबकडीतला प्रल्हाद शिंदे रात्रीच्या सामन्याने घडवला. सामना वजा केला तर त्या तबकड्यांना इतर शेकडो भक्तिगीतांपासून वेगळे करणारे काही उरत नाही. पुढची पाने वाचताना, आणि गाणी ऐकताना, हे म्हणणे तपासून पाहावे एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

गायक म्हणून हा नमुना जगात एकटा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर तबकडीचा धंदा जिथे जिथे रुजला तिथे लोकप्रिय गायकाचे आयुष्य दोन कमायांवर चालले: सणासाठी ध्वनिमुद्रित केलेली गाणी, आणि रात्री लोकांसमोर गाणे. बंगालात एचएमव्ही दुर्गापूजेला दरवर्षी नव्या गाण्यांचा ताफा आणी आणि सोबत त्यांची पुस्तिका छापी. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीने २९ मे १९४२ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, ‘व्हाइट ख्रिसमस’ गायले. त्याच्या इतक्या प्रती निघाल्या की मूळ साचाच झिजला आणि मार्च १९४७ मध्ये ते गाणे पुन्हा गाऊन घ्यावे लागले. सणाचे गाणे इतके का खपते, याचे उत्तर त्या सालात आहे. १९४२ साली लाखो माणसे युद्धावर होती. बर्फातला घरचा सण त्यांच्या वाट्याला येणार नव्हता. सणाची तबकडी साजरे करणाऱ्यापेक्षा सणाला मुकलेल्याला जास्त लागते. हे सूत्र लक्षात ठेवले तर बीड जिल्ह्यात प्रल्हाद शिंदे घरोघर का पोचले, तेही कळू लागते.

आता रात्र. पाश्चात्त्य धर्तीचे नाइटक्लब महाराष्ट्रात होते, पण ते मुंबईच्या दक्षिण टोकाला. चर्चगेटजवळच्या अस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये ख्रिस पेरी वाजवी आणि लॉर्ना गाई, त्या दोघांची कोकणी गाणी आजही गोव्याच्या घराघरांत आहेत. १९४९च्या दारूबंदी कायद्याने त्या जगाचा श्वास आखडला तरी ते टिकले. बीडच्या माणसाचा त्याच्याशी संबंध आला तर तो हिंदी चित्रपटातल्या पडद्यापुरता. कामगारवस्तीची आणि खेड्याची रात्र वेगळी होती आणि तिचा गायक कव्वाल होता. १९५८च्या ‘अल हिलाल’ चित्रपटात इस्माईल आझाद यांनी गायलेल्या कव्वालीने मुंबईच्या गल्ल्या दणाणून सोडल्या. शकीला बानो भोपाली यांच्यासारख्या गायिकांनी पुरुष कव्वालांशी जाहीर मुकाबले करून तिकिटे खपवली. याच वाऱ्यात मराठी कव्वाली फोफावली आणि तिचे मुख्य आश्रयदाते म्हणजे आंबेडकरी वस्त्यांतली जयंती मंडळे. श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही त्या मंचावरची माणसे. कोणी म्हणेल, मंडपातल्या जयंतीला नाइटक्लब म्हणणे म्हणजे ओढूनताणून साम्य काढणे. दारू आणि टेबले नव्हती, हे खरे. उद्दिष्टही निराळे होते. क्लबात माणूस विसरायला जातो, जयंतीत आठवायला. पण गायकाच्या बाजूने पाहिले तर कामाची रीत तीच आहे: इसार घेऊन तारीख द्यायची, समोरच्या लोकांचा रोख ओळखून गाणे निवडायचे, फर्माईश झेलायची, बक्षिसाचा पुकारा झाला की त्या माणसाचे नाव गाण्याच्या फटीत बसवायचे आणि गर्दी उठणार नाही अशा बेताने रात्र ताणायची. गायकाला घडवणारी शाळा म्हणून मला या रीतीशी कर्तव्य आहे.

सामन्याची ही रीत थोडी तपशिलात पाहायला हवी, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. दोन पार्ट्या असतात. पुष्कळदा एक पुरुष गायकाची, दुसरी गायिकेची. प्रत्येकीचा कोरस, ढोलकी, पेटी, बेंजो. आधी वंदना होते, मग शेर टाकून वातावरण बांधले जाते आणि त्यानंतर एक पार्टी सवाल करते. सवाल इतिहासाचा असेल, संसाराचा असेल, कधी निव्वळ टोमणा असेल. उत्तर देणाऱ्याने ते त्याच रात्री, शक्य तर त्याच चालीच्या अंगाने द्यायचे. इथे गायकाला तीन गोष्टी शिकाव्याच लागतात. एक, मुखडा असा हवा की दुसऱ्यांदा म्हटल्यावर मागची रांगसुद्धा तो धरेल. दोन, शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू गेला पाहिजे, कारण सवाल कळला नाही तर सामनाच नाही. आणि तीन, गाणे कोणाला तरी उद्देशून हवे. सामन्यात कोणी स्वतःशी गुणगुणत नाही. समोर प्रतिपक्ष असतो आणि त्याला जाब विचारायचा असतो. भावगीताच्या गायकाला यातले तिसरे कौशल्य जवळजवळ लागतच नाही. तो रेडिओच्या खोक्यातून एकेका घरात शिरतो आणि ऐकणाऱ्याने ते बोल चोरून ऐकावेत अशा हलक्या आवाजात गातो.

बीड जिल्ह्याला ही रात्र परकी नव्हती, याची कारणे या जिल्ह्याच्या इतिहासात आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद. शाळा, कचेरी, जमिनीचे कागद उर्दूत. बीड शहरात शहेनशाह वलींच्या दर्ग्याचा उरूस भरतो. त्यामुळे ‘अर्ज किया है’ म्हणत सुरू होणारा शेर ऐकून कोकणातल्या किंवा पुण्याकडच्या श्रोत्याला जे नवल वाटले असते, ते इथल्या म्हाताऱ्यांना वाटायचे कारण नव्हते. मराठी कव्वालीत पंढरी, भीमराव आणि शेर एका दमात येतात. मराठवाड्याच्या कानाला ही सरमिसळ घरचीच. दुसरे कारण पोटाचे आहे. १९७२च्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या या जिल्ह्यात वाढतच गेली. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयत्याच्या टोळ्या गाव सोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे ज्या घरांतली माणसे फडावर आहेत त्यांची दिवाळी पाचटाच्या कोपीत जाते, संक्रांतही तिथेच. आषाढी आणि गणपती हे सण मात्र ती गावात असताना येतात, आणि टोळ्या परततात त्याच सुमारास १४ एप्रिल येते, तीही उचल फिटून हातात चार पैसे उरले असतील तर त्यांच्यासह. जयंती इथे एका दिवसात संपत नाही. गावोगावच्या मंडळांना गायन पार्टीची तारीख मिळेल तशी ती एप्रिल-मेभर चालते. प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यांचे तीन मोठे हंगाम म्हणजे आषाढी, गणपती आणि भीमजयंती. ऊसतोडीच्या पंचांगात हे तिन्ही सण घरी साजरे करता येतात. हा योगायोग असेल. पण जिल्ह्यातल्या कष्टकऱ्याने हा गायक आपला का मानला, याच्या उत्तरात तो धरावा लागतो.

आता तबकड्या. माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा त्या गाण्यांच्या आत आहे. ‘पाऊले चालती’ हे दत्ता पाटील यांचे गीत, मधुकर पाठक यांचे संगीत. आषाढीचे हे बहुधा सर्वांत जास्त वाजणारे गाणे असेल. पण वारीच्या गाण्यात अपेक्षित असतो तो आनंदसोहळा त्यात फारसा नाही. त्यातला माणूस दारिद्र्याने गांजलेला आहे, त्याचे भाकरीचे ताट रिकामे पडले आहे, सग्यासोयऱ्यांनी पाठ फिरवली आहे आणि म्हणून त्याने पंढरीची वाट धरली आहे. प्रसाद घेताना तो मोक्ष मागत नाही, हे दारिद्र्य जावे असे मागतो. ‘आता तरी देवा’ हे त्याहून रोखठोक. तिथे भक्त देवाला प्रश्न विचारतो, तोही खेड्यातल्या बोलीतली क्रियापदे तशीच ठेवून: सुख नावाची वस्तू असते असे ऐकतो, ती आम्हाला कधी दाखवणार? हा सवाल आहे. सामन्याच्या मंचावर प्रतिपक्षाला विचारतात तसाच, फक्त प्रतिपक्षाच्या जागी पांडुरंग उभा केला आहे. गणपतीचे ‘तूच सुखकर्ता’ ऐकावे. नावावरून ते आरतीसारखे स्तवन वाटते. प्रत्यक्षात त्यात वर्षातून एकदा येणारा आनंद कसा साजरा करावा या विवंचनेत पडलेला संसारी माणूस आहे. खर्चाचा मेळ बसत नाही म्हणून तो गूळ, फुटाणे, खोबरे, केळे असे जे घरात आहे त्याचाच प्रसाद कालवतो आणि बाप्पाला म्हणतो, हे खा आणि आमच्याकडे लक्ष ठेव. मोदकांचा थाट गाणारी गाणी त्या काळात थोडी नव्हती. तांदळाचे मोदक परवडत नाहीत असे गणपतीलाच सांगणारे गाणे मांडवाच्या कर्ण्यावर चढले आणि पन्नास वर्षांनीही उतरले नाही, ही साधी गोष्ट नाही. सणाचे गाणे सणाला मुकलेल्याचे असते, असे वर म्हटले ते इथे शब्दशः लागू पडते.

शेवटच्या दोन गाण्यांचे कवी हरेंद्र जाधव. २०२१ साली ते गेले तेव्हा मृत्युलेखांत दोन प्रकारची गाणी शेजारी-शेजारी छापली गेली: ही भक्तिगीते आणि त्यांची गाजलेली भीमगीते. लेखणी एक, गळा एक, आणि ऐकणारी वस्तीही पुष्कळदा एक. मग आपणच दोन खाती का काढावीत? यावर आक्षेप असा येतो की शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, निवड कंपनीची. गायकाने माइकपुढे उभे राहून सांगितले ते गायले, त्याला या विचाराचे श्रेय कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि तबकडीच्या धंद्यात तो कोणत्याही गायकाला लागू होतो. ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारा अर्व्हिंग बर्लिन रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबातला होता. ख्रिसमसचे सर्वांत खपलेले गाणे ज्याने लिहिले, तो ज्या घरात जन्मला तिथला तो सणच नव्हता. तरी ते गाणे लोकांनी क्रॉस्बीचे मानले, कारण माइकच्या अगदी जवळ जाऊन कानात बोलल्यासारखे गाण्याची त्याची लकब त्या शब्दांना नेमकी मिळाली. शिंदे यांच्याबाबत हेच उलट्या दिशेने घडले. तक्रारीचे शब्द हळुवार गळ्यातून आले असते तर ते दीनवाणे झाले असते. त्यांच्या गळ्यात ते जाब विचारल्यासारखे येतात. मुखड्याचा पहिलाच शब्द वरच्या सुरात, थेट फेकलेला असतो. कोरस ती ओळ उचलून धरतो आणि गायक त्यावर पुन्हा आपला हेका चालवतो. ही पद्धत स्टुडिओत शिकवून येत नाही. ती दुसऱ्या पार्टीचा सवाल परतवताना येते.

संगीताच्या जाणकारांचा आक्षेप याच आवाजाला आहे. आवाज चढा, काहीसा नाकातला, अलंकार थोडे, ठेका सतत पुढे. यात गाणे कमी आणि ओरडणे जास्त, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा ते गाणे ज्या यंत्रातून ऐकले गेले त्याचा विचार करावा. गावातला कर्णा खर्ज गिळतो आणि तारसप्तकाची टोकेही बोथट करतो. त्याच्यातून नीट येतो तो मधल्या पट्टीचा भाग. शिवार ओलांडून पलीकडच्या वाडीवर पोचायचे तर आवाज याच पट्टीत धारदार हवा आणि शब्दोच्चार ठसठशीत. मुरक्या-हरकतींची नाजूक वेलबुट्टी कर्ण्यातून जाताना चिखल होते. दिवाणखान्यातल्या रेडिओसाठी घडवलेल्या आवाजाला देवळाच्या शिखरावरून ऐकायचे नाही आणि शिखरावरच्या आवाजाला दिवाणखान्यात बसून मोजायचे नाही, एवढा न्याय दोघांनाही हवा. शिंदे यांचा आवाज कर्ण्याला मानवला, कारण तो आधीपासूनच हजारोंच्या उघड्या मांडवात, कच्च्या ध्वनिवर्धकावर, ढोलकीच्या वरून पोचण्यासाठी तयार झालेला होता. पहाटेच्या भक्तीला लागणारी आरोळी रात्रीने पुरवली.

सर्वांत कठीण आक्षेप आंबेडकरी बाजूचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत हिंदू देवदेवतांची उपासना सोडण्याचा स्पष्ट उच्चार आहे. मग भीमगीत गाणाऱ्याने विठ्ठल, गणपती, सत्यनारायण का गावा? पोटासाठी, हे एक उत्तर, आणि ते हलके समजू नये. जयंती मंडळाची बिदागी हंगामी, वर्गणीतून जमलेली. कंपनीला खपणारा माल हवा, आणि महाराष्ट्रात देव खपतो. पण वर ज्या गाण्यांची चर्चा केली त्यांना पोटाचे निमित्त देऊन गप्प बसण्याची गरज नाही. देवाला जाब विचारणारे गाणे आणि माणसाला जागे करणारे गाणे यांच्यात दोन टोकांचे अंतर नाही. दोन्हींत अन्याय सांगणारा आवाज एकच आहे, ऐकवायचे कोणाला एवढे बदलते. सत्यनारायणाच्या कथेची गोष्ट मात्र निराळी. ती तबकडी घरोघर वाजली. अनेक ठिकाणी पोथी वाचणाऱ्याऐवजी तिच्यावरच पूजा उरकली गेली. पण त्या कथेचा सांगावा असा की व्रत केले नाही, प्रसाद टाकला, तर घर बुडते. तिथे सवाल नाही, तक्रार नाही. भीती घालणे आहे. जोतीराव फुल्यांनी भटशाहीवर जे कोरडे ओढले ते याच धाकाच्या धंद्यावर. त्या तबकडीला मी बंडाचा मुलामा देणार नाही. ती गायकाची कमाई होती आणि चोख कारागिरी होती, त्यापलीकडे काही नव्हती. शंभर गाण्यांपैकी काही गाणी अशी असणारच. त्यांच्यामुळे उरलेल्यांतली धार खोटी ठरत नाही, आणि उरलेल्यांमुळे ही पवित्र होत नाहीत.

या ठिकाणी अमेरिकेतलाच दुसरा एक गायक आठवणे उपयोगी आहे. नॅट किंग कोल या कृष्णवर्णी गायकाने १९४६ साली ख्रिसमसचे जे गाणे गायले ते गोऱ्या घरांच्या बैठकीत दरवर्षी वाजू लागले. त्याच कोलने १९४८ साली लॉस एंजेलिसच्या एका प्रतिष्ठित वस्तीत घर घेतले तेव्हा त्याला तिथे राहू देऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी कंबर कसली. लास वेगासच्या ज्या हॉटेलांत कृष्णवर्णी कलावंत रात्री गात, त्यांपैकी अनेकांत त्यांना मुक्कामाला खोली मिळत नसे. १० एप्रिल १९५६ रोजी बर्मिंगहॅम शहरात, मंचावर गात असताना, गोऱ्या हल्लेखोरांनी कोलला खाली पाडले. आवाजाला दार उघडे आणि माणसाला बंद, हा प्रकार आपल्याकडे समजावून सांगावा लागत नाही. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३चा, त्यांचे मूळ मंगळवेढ्याच्या परिसरातले. संत चोखोबा वेस बांधताना गाडले गेले ते हेच मंगळवेढे. त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या, तरी समाधी राहिली महाद्वाराच्या बाहेर. मंगळवेढ्यापासून पंढरपूर दिवसाच्या चालीवर. तिथल्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले तेव्हा शिंदे तेरा-चौदा वर्षांचे होते. म्हणजे या गायकाच्या बालपणी त्याच्या माणसांना त्या गाभाऱ्यात जाता येत नव्हते, आणि प्रौढपणी त्याच गाभाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्याचाच आवाज सर्वांत मोठा झाला. कोल आणि शिंदे यांच्यातला फरकही मोलाचा आहे. कोलवर त्याच्याच लोकांनी टीका केली ती वर्णानुसार वेगवेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांपुढे गातो आणि लढ्याबद्दल मुका राहतो म्हणून. शिंदे मुके नव्हते. विठ्ठल गाऊन मिळवलेली ओळख त्यांनी जयंतीच्या मंचावर उघड खर्च केली आणि मराठवाड्यात, विद्यापीठाच्या नामांतरावरून १९७८ नंतर घरे जळत होती त्या वर्षांतही, भीमगीत ही गुपचूप गायची गोष्ट राहिली नाही, यात त्या मंचाचा वाटा आहे.

पुढचा इतिहास झपाट्याचा आहे. कॅसेट आली आणि तबकडीच्या तुलनेत गाणे स्वस्त झाले. टी-सीरिज, व्हीनस यांच्यासारख्या कंपन्यांनी एचएमव्हीची सद्दी मोडली, आनंद आणि मिलिंद शिंदे या मुलांनी तो काळ गाजवला, आणि आदर्श शिंदे या नातवाच्या आवाजात तोच चढा सूर आज चित्रपटांत आहे. भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले आणि प्रल्हाद शिंदे त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २३ जूनला, पालख्या वाटेवर असताना. रात्रीला त्याआधीच उतरती कळा लागली होती. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद केला आणि जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दंडक पक्का केला. झोपेचा हक्क रास्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण उजाडेपर्यंत चालणारा सामना दहाला संपवता येत नाही. सवाल रंगायलाच बारा वाजतात. आता जयंतीच्या मिरवणुकीत डीजे असतो, त्याला प्रतिपक्षही लागत नाही आणि उत्तरही.

याचा परिणाम असा झाला की दोन खात्यांपैकी एकाचीच नोंद शिल्लक राहिली. कंपनीने मुद्रित केलेले विठ्ठल आणि गणपती आज फोनवर मिळतात. सामन्याच्या रात्री मुद्रित करायला कंपनी सहसा आली नाही. त्या रात्री टिकल्या असतील तर कोणीतरी मंडपात टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेटांत, जयंती मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्यांत, इसाराच्या पावत्यांत आणि ‘जंगी सामना’ छापलेल्या हँडबिलांत. कॅसेटच्या फितीला बुरशी धरते, वह्या वाळवी खाते. बीड, गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई, परळी, कुठल्याही गावात ज्यांच्या माळ्यावर असा डबा पडून असेल त्यांनी तो रद्दीत घालू नये. फिती उतरवून घ्याव्यात, वह्यांची छायाचित्रे काढावीत आणि ज्या कोरसवाल्यांनी, ढोलकीवाल्यांनी त्या रात्री वाजवल्या त्यांना, ते आहेत तोवर, विचारून घ्यावे की सवाल काय होता आणि उत्तर काय दिले.